डायलिसिस सुरू झाल्यानंतरही आधीचेच कमी प्रथिनांचे पथ्य पाळावे का?

निरंजना

नमस्कार. माझे वडील ६१ वर्षांचे असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे काही महिन्यांपूर्वी त्यांचे हिमोडायलिसिस, म्हणजे यंत्रातून रक्त शुद्ध करणे, सुरू झाले. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास, असे वेळापत्रक आहे. उपचारांबद्दल आमची तक्रार नाही. अडचण आहे ती ताटात काय वाढायचे याची, आणि त्या बाबतीत घरातले सगळेच इतके गोंधळले आहेत की मी हा प्रश्न जरा सविस्तर मांडते आहे.

आजार प्रथम लक्षात आला तेव्हा आम्हाला एक आहारतक्ता मिळाला होता. प्रथिने कमी करा, डाळी आणि अंडी टाळा, असे त्यात ठळक अक्षरांत लिहिले आहे. तो कागद आजही स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला चिकटवलेला आहे आणि आई त्याचे काटेकोर पालन करते. डायलिसिस सुरू झाल्यावर तिथल्या परिचारिकांनी जाता जाता सांगितले, की आता प्रथिने वाढवा. पुढे तपासणीत फॉस्फरस वाढलेला निघाला, तेव्हा मिळालेल्या तिसऱ्या कागदावर दूध, कडधान्ये, सुकामेवा, पालेभाज्या आणि बहुतेक फळे यांच्यापुढे फुल्या मारलेल्या होत्या. हे तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, तर मऊ भात, साखर आणि तेल यांखेरीज खाण्यासारखे काहीच उरत नाही. वडील मांस-मासे खात नाहीत. अंडी खात असत, ती आईने बंद केली. आता ते दोन घास खाऊन ताट सरकवतात, आणि जास्त खाल्ल्याने त्रास होईल या भीतीने आम्हीही आग्रह करत नाही.

शेवटच्या तपासणीत डायलिसिसपूर्वीचे पोटॅशियम ५.९ आणि फॉस्फरस ६.८, म्हणजे दोन्ही वाढलेले, आणि अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) ३.१, म्हणजे कमी, आले. ठरवून दिलेले ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचे वजन, ५४ किलो आहे. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन सव्वातीन किलोपर्यंत वाढते. लघवी दिवसाला अंदाजे ३०० मिलिलिटर होते. मला सर्वांत खटकणारी गोष्ट ही, की त्यांचे दंड आणि मांड्या डोळ्यांदेखत बारीक होत आहेत, तरी डायलिसिसनंतर वजनकाटा तोच आकडा दाखवतो. तीन कागदांपैकी कोणता खरा मानायचा, प्रथिने वाढवली तर फॉस्फरस आणि पोटॅशियम आणखी वाढणार नाही का, आणि पाणी नेमके किती द्यायचे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आहारसल्लागार_वृक्क

निरंजनाताई, मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांना आहारसल्ला देणे हेच माझे काम आहे, आणि आपण वर्णन केलेली परिस्थिती मला वारंवार पाहावी लागते. उत्तर आधी देते आणि कारणे मागाहून सांगते: कपाटाच्या दारावरचा तो पहिला कागद आजच काढून टाकावा. तो चुकीचा होता असे नाही. तो ज्या टप्प्यासाठी लिहिला होता तो टप्पा संपला आहे.

डायलिसिसपूर्वीच्या काळात, उरलेल्या मूत्रपिंडांवरचा भार हलका करण्यासाठी आणि रक्तात युरियासारखी टाकाऊ द्रव्ये कमी साठावीत यासाठी प्रथिने मर्यादित ठेवतात. अमेरिकेच्या नॅशनल किडनी फाउंडेशनने २०२० मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, डायलिसिसवर नसलेल्या आणि मधुमेह नसलेल्या रुग्णांसाठी हे प्रमाण शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे रोज ०.५५ ते ०.६० ग्रॅम, तर मधुमेह असलेल्यांसाठी ०.६ ते ०.८ ग्रॅम सांगितले आहे. डायलिसिस सुरू झालेल्या रुग्णासाठी तीच तत्त्वे १.० ते १.२ ग्रॅम सांगतात, म्हणजे जवळजवळ दुप्पट. कारण असे, की रक्त डायलायझरच्या पडद्यातून फिरत असताना टाकाऊ द्रव्यांबरोबर अमिनो आम्लेही निघून जातात. एका बैठकीत हे नुकसान साधारण ६ ते १२ ग्रॅम असते. शिवाय रक्तातली आम्लता, शरीरात सतत धुमसणारा दाह आणि मंदावलेली भूक यांमुळे स्नायू झिजत राहतात. अशा माणसाला जुन्याच कागदाप्रमाणे जेवण दिले, तर शरीर आपलेच मांस मोडून गरज भागवते. दंड आणि मांड्या बारीक होत आहेत, हे आपले निरीक्षण म्हणूनच फार महत्त्वाचे आहे आणि ते आपण डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवे.

आपल्या वडिलांच्या ५४ किलो वजनासाठी हिशेब रोज ५४ ते ६५ ग्रॅम प्रथिनांचा होतो. हा आकडा मोठा वाटतो, म्हणून तो ताटात कसा दिसतो ते सांगते. एका पूर्ण अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि एका अंड्याच्या पांढऱ्या भागात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. एक पूर्ण अंडे आणि आणखी तीन अंड्यांचे पांढरे भाग घेतले, तर सोळा-सतरा ग्रॅम झाले. शिजवलेली डाळ किंवा कडधान्य, पाणी निथळून मोजलेले, दोनशे ग्रॅम दोन जेवणांत विभागून दिले, तर आणखी सोळा-सतरा ग्रॅम. दूध किंवा दही मिळून दोनशे ग्रॅम, त्याचे सहा-सात ग्रॅम. दिवसभरातल्या धान्यातून पंधरा ते वीस ग्रॅम येतात, आणि ती प्रथिने अनेक जण मोजायलाच विसरतात. बेरीज साठच्या जवळ पोहोचते, आणि त्यात मांस-मासे कोठेही आलेले नाहीत.

मात्र या प्रथिनांना पुरेशा उष्मांकांची जोड लागते. किलोमागे २५ ते ३५ किलोकॅलरी, म्हणजे त्यांच्या बाबतीत रोज साधारण १३५० ते १९०० किलोकॅलरी पोटात गेल्या नाहीत, तर खाल्लेली प्रथिने स्नायू बांधण्याऐवजी इंधन म्हणून जळून जातात. दोन घास खाऊन ताट सरकवणाऱ्या माणसाला नुसती प्रथिनांची भुकटी देऊन भागत नाही, ते याच कारणामुळे. भात-पोळीची भीती बाळगू नये. मधुमेहासाठी इन्सुलिनचा मेळ डॉक्टर घालून देतील, पण साखर ताब्यात ठेवण्यासाठी डायलिसिसच्या रुग्णाला उपाशी ठेवणे हा उपाय नाही.

आता फॉस्फरस. येथे आपली शंका रास्त आहे, कारण प्रथिने आणि फॉस्फरस बहुतेक अन्नात हातात हात घालून येतात. आठवड्याचा हिशेब मांडून पाहू. रोजच्या अन्नातून १००० मिलिग्रॅम फॉस्फरस गेला आणि त्यातला साठ टक्के शोषला गेला, तर आठवड्याला ४२०० मिलिग्रॅम रक्तात उतरतो. चार तासांची एक बैठक त्यातला साधारण ८०० मिलिग्रॅम काढते. तीन बैठकींत २४००. उरलेला फॉस्फरस दर आठवड्याला साठत जातो, त्वचेला खाज आणतो, हाडे पोखरतो आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियमसह साचतो. म्हणजे डायलिसिस एकट्याने हे काम करू शकत नाही. पण यातून प्रथिने तोडा असा निष्कर्ष काढणे मला घातक वाटते, कारण फॉस्फरस कमी करण्याचे दुसरे दोन मार्ग आधी वापरायला हवेत.

पहिला मार्ग म्हणजे फॉस्फरस येतो कोठून ते पाहणे. कडधान्यांतला फॉस्फरस फायटेटच्या रूपात बांधलेला असतो आणि त्याचा निम्म्याहून कमी भाग शोषला जातो. याउलट तयार, पाकीटबंद पदार्थांत टिकाऊपणासाठी किंवा पोत सुधारण्यासाठी घातलेली फॉस्फेटची क्षारद्रव्ये जवळजवळ पूर्ण, नव्वद टक्क्यांच्या आसपास, शोषली जातात. गडद रंगाची कोला पेये, प्रक्रिया केलेले चीज, झटपट तयार होणारी मिश्रणे आणि काही बेकरी पदार्थ यांत ती सापडतात. पाकिटावर फॉस्फेट किंवा फॉस्फोरिक हा शब्द, किंवा ३३८ ते ३४१ आणि ४५० ते ४५२ हे क्रमांक दिसले, तर ते पाकीट परत ठेवावे. अंड्याचा पांढरा भाग या बाबतीत वरदान आहे: पूर्ण अंड्यात नव्वद-शंभर मिलिग्रॅम फॉस्फरस असतो, तर पांढऱ्या भागात जेमतेम पाच.

दुसरा मार्ग गोळ्यांचा. वडिलांना फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी, म्हणजे कॅल्शियम ॲसिटेट, कॅल्शियम कार्बोनेट, सेव्हेलॅमर किंवा लँथॅनम यांपैकी एखादी, दिलेली असेल, तर ती नेमकी केव्हा घेतली जाते ते पाहावे. ही गोळी रक्तात जाऊन काम करत नाही. ती आतड्यात अन्नातल्या फॉस्फरसला पकडते. जेवणाबरोबर घेतली तरच तिचा उपयोग. रात्री झोपताना इतर औषधांच्या मुठीत ती गिळली, तर फॉस्फरस जिथल्या तिथे राहतो. फॉस्फरस कमी होत नाही म्हणून आलेल्या रुग्णांना मी आधी हेच विचारते.

पाण्याबद्दल येथील इतर अनुभवी मंडळी माझ्याहून चांगले सांगू शकतील. पोटॅशियमबद्दल लिहिण्यापूर्वी मला काही माहिती हवी आहे: वडिलांना बद्धकोष्ठता आहे का, रक्तदाबाची कोणती औषधे चालू आहेत, डायलिसिसची बैठक मध्येच आटोपती घेतली जाते का, ते बराच वेळ उपाशी राहतात का, आणि स्वयंपाकात कोणते मीठ वापरले जाते?

डायलिसिस_तंत्रज्ञ

मी डायलिसिस केंद्रात तंत्रज्ञ म्हणून काम करतो. आहाराच्या हिशेबात मी पडत नाही, पण दंड बारीक होत आहेत आणि वजन तेवढेच आहे, हे वाक्य वाचून लिहिल्याशिवाय राहवले नाही.

ड्राय वेट म्हणजे शरीरात जादा पाणी नसतानाचे वजन. ते एकदा ठरवले की कायमचे झाले, असा बऱ्याच घरांत समज असतो. प्रत्यक्षात रुग्णाचे दोन किलो मांस झिजले आणि ठरवलेला आकडा मात्र ५४ च राहिला, तर आम्ही यंत्रावर ५४ पर्यंतच पाणी काढतो, आणि झिजलेल्या मांसाची जागा दोन किलो पाणी घेते. काटा बरोबर आकडा दाखवतो, आणि रुग्ण एकाच वेळी कुपोषित आणि पाण्याने फुगलेला असतो. डायलिसिसनंतरही रक्तदाब चढाच राहणे, आडवे झाल्यावर धाप लागणे, घोट्यापाशी बोट दाबल्यावर खळगा राहणे, या खुणा दिसतात का ते पाहावे, आणि ड्राय वेटचा फेरविचार करावा अशी विनंती डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत करावी. अंगातल्या जादा पाण्याने अल्ब्युमिनचा आकडाही पातळ होऊन कमी दिसतो. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी: आहार सुधारून अंगात मांस भरू लागले, की ड्राय वेट वाढवून घ्यावे लागते. ते वाढवले नाही तर शरीराला हवे असलेले पाणीही काढले जाते, पायांत गोळे येतात, रक्तदाब कोसळतो, आणि घरच्यांना वाटते की नवे जेवणच बाधले.

सव्वातीन किलो वाढ ही ५४ किलोच्या माणसाला जड आहे. पाणी काढण्याचा वेग ताशी, किलोमागे १३ मिलिलिटरच्या आत ठेवण्याचा प्रयत्न असतो, कारण त्यापलीकडे हृदयावर ताण वाढतो. त्यांच्या वजनाला चार तासांत हे पाणी सुमारे २.८ लिटर भरते. सव्वातीन लिटर काढायचे झाल्यास वेग १५ वर जातो. वाढ सव्वादोन-अडीच किलोच्या आत राहिली, तर तेच चार तास त्यांना कितीतरी सुसह्य होतील. जेथे मध्ये दोन दिवसांची सुट्टी येते, तो आठवड्यातला सर्वांत जोखमीचा काळ असतो. त्या दोन दिवसांत मीठ, पाणी आणि पोटॅशियम यांचे भान अधिक कडक ठेवावे.

आणखी एक. डायलिसिस चालू असताना भरपेट खाल्ल्यास रक्त पोटाकडे वळते आणि काही रुग्णांचा रक्तदाब उतरतो. वडिलांना असा त्रास होत असेल तर यंत्रावर बसण्यापूर्वी बऱ्यापैकी आधी किंवा सुटल्यानंतर जेवण द्यावे.

जुना_प्रवासी

निरंजनाताई, मी स्वतः अनेक वर्षे हिमोडायलिसिसवर आहे. पाण्याचा प्रश्न हा पाण्याचा नसून मिठाचा आहे, हे मला जितक्या लवकर कळले असते तितके बरे झाले असते असे सगळेच जुने रुग्ण सांगतात. आठ-साडेआठ ग्रॅम मिठामागे शरीर जवळजवळ लिटरभर पाणी धरून ठेवते, आणि ते पाणी प्यायला लावण्यासाठी तहानही तेच मीठ निर्माण करते. खारट खाऊ घालून वर पाणी पिऊ नका असे सांगणे म्हणजे रुग्णाचा छळ आहे. दिवसाचे एकूण मीठ पाच ग्रॅमच्या, म्हणजे एका सपाट चहाच्या चमच्याच्या, आसपास ठेवा. लोणची, पापड, खारवलेले आणि पाकीटबंद पदार्थ त्यात धरून. मधुमेह्यांच्या बाबतीत साखर वाढली तरी तहान वाढते, तेव्हा वडिलांची तहान अचानक वाढल्यास साखर तपासून पाहा.

मोजमापाचे म्हणाल, तर आमच्याकडे सर्वसाधारण हिशेब असा सांगतात: दिवसभराची लघवी अधिक ५०० ते ७५० मिलिलिटर. आपल्या वडिलांसाठी हे ८०० मिलिलिटर ते एक लिटरच्या दरम्यान येईल. नेमका आकडा डॉक्टरांकडून घ्यावा. मी सकाळी ठरलेले पाणी एका बाटलीत भरून ठेवतो. चहा, दूध किंवा पातळ आमटी घेतली, की तेवढेच पाणी बाटलीतून ओतून देतो. संध्याकाळी बाटलीत जे उरेल तेच माझे. बर्फ चघळल्याने बरे वाटते, पण बर्फ म्हणजेही पाणी, तोही मोजायचा. तोंड कोरडे पडल्यावर गार पाण्याने चूळ भरून टाकणे आणि लिंबाची फोड चोखणे यांनी मला खरोखर फरक पडतो. औषधे शक्यतो जेवणाच्या घासाबरोबर घ्यावीत, म्हणजे गोळ्यांसाठी वेगळे पाणी जात नाही.

पोटॅशियमसाठी आमच्या घरी सगळ्या भाज्या रात्रभर पाण्यात भिजत घालतात आणि सकाळी शिजवतात. तसे आपणही करून पाहावे.

पोटाचे_डायलिसिस

वाचकांपैकी कोणी पेरिटोनिअल डायलिसिसवर असतील, तर त्यांनी वरील आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. माझ्या पत्नीचे डायलिसिस पोटातून होते. या पद्धतीत रोज ५ ते १५ ग्रॅम प्रथिने पोटात भरून पुन्हा काढल्या जाणाऱ्या द्रावणातून वाहून जातात, आणि पोटात जंतुसंसर्ग झाला तर त्याहूनही जास्त. त्यामुळे प्रथिनांची काळजी रोजच घ्यावी लागते. उलट द्रावणातली ग्लुकोज शरीरात शोषली जाते, तेव्हा उष्मांकांत तीही धरावी लागते. पोटॅशियम रोज निघत असल्यामुळे अनेकांना फळांची मोकळीक मिळते. काहींचे पोटॅशियम तर कमी पडते आणि ते वाढवावे लागते. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचे पथ्य आपल्याला लागू करू नये, असे मी प्रत्येकाला सांगतो.

निरंजना

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिलेत, मी आभारी आहे. आईला हे सर्व वाचून दाखवले. पहिला कागद काढला आहे.

सल्लागार ताईंच्या प्रश्नांची उत्तरे: बद्धकोष्ठता आहे, तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही. बैठक पूर्ण चार तास होते. रक्तदाबाच्या गोळ्यांची नावे मी डॉक्टरांना विचारून घेते. रात्री आठनंतर ते थेट दुसऱ्या दिवशी डायलिसिस आटोपल्यावर दुपारी खातात. मिठाच्या बाबतीत आम्ही बाजारात मिळणारे कमी सोडियमचे मीठ वापरतो, कारण ते हृदयाला आणि रक्तदाबाला चांगले असे पाकिटावर लिहिले होते. ते चालू ठेवावे ना?

आणखी दोन गोष्टी. कधी कधी पहाटे त्यांची साखर फार उतरते; तेव्हा आम्ही पेलाभर संत्र्याचा रस देतो. आणि अन्नाला चवच लागत नाही, तोंडात धातूसारखे लागते, असे ते म्हणतात. यावर काही करता येईल का?

आहारसल्लागार_वृक्क

ते मीठ कृपया आजच्या जेवणापासून बंद करा. कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. इतरांना ते हितकारक ठरू शकते, पण ज्याची मूत्रपिंडे पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाहीत त्याला ते देऊच नये. ज्या मिठात तीस टक्के पोटॅशियम क्लोराइड आहे, त्याच्या पाच ग्रॅममधून पावणेआठशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम पोटात जाते. मध्यम आकाराच्या केळ्यात ते चारशेच्या थोडे वर असते. म्हणजे आपण फळे बंद केलीत आणि मिठातून रोज जवळजवळ दोन केळी दिली जात होती. साधे मीठ आणा आणि तेच मोजून वापरा.

बाकीची उत्तरेही तितकीच बोलकी आहेत. मूत्रपिंडे थांबल्यावर मोठे आतडे पोटॅशियम बाहेर टाकण्याचे काम काही प्रमाणात अंगावर घेते. पोट तीन दिवस साफ झाले नाही, तर ती वाटही बंद होते. डॉक्टरांना विचारून योग्य रेचक सुरू करून घ्यावे, पण मॅग्नेशियम किंवा फॉस्फेट असलेली रेचके दुकानातून परस्पर आणू नयेत. लांबलेला उपासही पोटॅशियम वाढवतो, कारण इन्सुलिनची पातळी खाली गेली की पेशींतले पोटॅशियम रक्तात उतरते. रात्री आठपासून दुसऱ्या दुपारपर्यंतचा उपास मोडायलाच हवा: झोपण्यापूर्वी थोडे खाणे आणि डायलिसिसला निघण्यापूर्वी हलकी न्याहारी, एवढ्याने पोटॅशियम, पहाटेची साखर आणि स्नायूंची झीज या तिन्हींना मदत होईल. रक्तदाबाच्या काही औषधांनीही पोटॅशियम चढते, पण म्हणून ती गोळी स्वतःहून थांबवू नये, निर्णय डॉक्टरांचा.

साखर उतरल्यावर संत्र्याचा रस नको. त्यात पोटॅशियम भरपूर असते. तीन-चार चमचे ग्लुकोज किंवा साधी साखर थोड्याशा पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा मोजावी आणि नंतर काहीतरी खायला द्यावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही घटना डॉक्टरांना लगेच कळवावी. निकामी मूत्रपिंडांत इन्सुलिनचा निचरा मंदावतो, त्यामुळे पूर्वी योग्य असलेली मात्रा आता जास्त ठरत असण्याची शक्यता मोठी आहे.

जुना प्रवासी यांच्या पाण्याच्या बाटलीची पद्धत मी माझ्या रुग्णांनाही सांगते. भाज्या भिजवण्याबद्दल मात्र थोडी दुरुस्ती सुचवते. अख्खी किंवा मोठ्या फोडींची भाजी गार पाण्यात रात्रभर ठेवून पोटॅशियम फारसे निघत नाही. ते निघते उकळल्याने. बटाट्यासारखी भाजी सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळावी आणि ते पाणी ओतून द्यावे. मग फोडणी द्यावी. फोडी जितक्या बारीक आणि पाणी जितके जास्त, तितका परिणाम चांगला. कडधान्यांनाही हेच लागू आहे. ते पाणी आमटीत वापरले, तर सगळी मेहनत वाया जाते. वाफवणे, भाजणे किंवा मायक्रोवेव्हमध्ये शिजवणे यांनी पोटॅशियम आतच राहते. उकळल्याने काही जीवनसत्त्वेही जातात आणि डायलिसिसमध्येही पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे कमी होतात. त्यासाठी डायलिसिसच्या रुग्णांकरिता ठरवलेली गोळी असते, ती डॉक्टर देतील. बाजारातल्या साध्या मल्टिव्हिटॅमिनमधले जीवनसत्त्व अ या रुग्णांत साठत जाते, म्हणून ती परस्पर घेऊ नये.

फळे पूर्ण बंद ठेवण्याची गरज नाही. सफरचंद, नासपती, अननस, द्राक्षे यांपैकी एक लहान वाटी बहुतेकांना चालते आणि त्यातल्या तंतूंनी पोटही साफ होते. केळी, सुकवलेली फळे आणि फळांचे रस मात्र सध्या टाळावेत. कमरख हे पंचकोनी फळ तर कधीच देऊ नये. त्यातले विष निकामी मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नाही, आणि न थांबणारी उचकी, भ्रम, झटके येऊन रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत.

चवीबद्दल: तोंडातली धातूसारखी चव बहुधा रक्तातल्या युरियामुळे येते. डायलिसिस पुरेसे होते आहे का, याची मोजणी डॉक्टरांना विचारावी. जेवणापूर्वी दात घासून चूळ भरावी, लिंबू, आले, लसूण, मिरी यांनी अन्नाला धार आणावी, आणि मोठ्या दोन जेवणांऐवजी थोडे थोडे पाच-सहा वेळा द्यावे. अंडे गरम असताना वास नकोसा वाटत असेल, तर उकडून गार करून देऊन पाहावे. काही रुग्णांना गार पदार्थ सोपे जातात. जेवणावरून मनच उडाले असेल, तर त्यामागे खिन्नता आहे का, तेही विचारायला हवे. डायलिसिस सुरू झाल्यानंतरच्या काळात ती फार जणांना ग्रासते, तिच्यावर उपचार आहेत, आणि घरचे लोक तिला हट्ट समजून बसतात याचे मला वाईट वाटते.

पुढच्या भेटीला जाताना तीन दिवसांची खाण्याची नोंद करून न्यावी: एक डायलिसिसचा दिवस, एक मधला दिवस आणि एक सुट्टीचा दिवस, वाट्या-चमच्यांच्या मापात, पाणी आणि चहासह. आईंनाही सोबत न्यावे, कारण ताट त्या वाढतात आणि भीतीही त्यांनाच जास्त वाटते; प्रत्येक सूचनेमागचे कारण त्यांनी स्वतः ऐकायला हवे. आणि तिथून उठण्यापूर्वी काय खायचे, किती खायचे हे सांगणारा एकच नवा कागद मागून घ्यावा. नुसती फुल्यांची यादी मिळाली, तर ती नम्रपणे परत करून, मग यातून साठ ग्रॅम प्रथिने कशी भरायची, असे विचारावे. दरम्यान अचानक हातापायांतली ताकद जाणे, छातीत धडधड किंवा ठोके चुकल्यासारखे वाटणे, असे काही झाले, तर ती पोटॅशियम फार वाढल्याची खूण असू शकते; पुढच्या बैठकीची वाट न पाहता तातडीने रुग्णालयात न्यावे आणि तेथे पोहोचताच डायलिसिसचा रुग्ण असल्याचे सांगून ईसीजी काढून घ्यावा.